फ्रीजमधली बाटली, काशाची वाटी आणि न कळलेला चटका

या वेळचं पत्र आपल्या कोल्हापुरातलंच आहे, शहरात खानावळ चालवणाऱ्या एका ताईंचं. थोडं कापून, बाकी जसंच्या तसं देते:

"डॉक्टर, नमस्कार. वय ५४. शुगरला ९ वर्षं झाली, मेटफॉर्मिन १००० ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू हाय, ॲसिडिटीची गोळी पण रोज सकाळी, चार वर्षं झाली. खानावळ हाय, पहाटेपासनं उभाच असतो. सहा-सात महिने झालं, रात्री अंथरुणात पडलो की तळपाय असं जळत्यात की तव्यावर ठेवल्यात जणू. दिवसा एवढं काय न्हाई. चादर लागलेली पण सोसत न्हाई. फरशीला पाय लावून झोपतो, फ्रीजमधली बर्फाची बाटली पायाखाली घेतो. मालक म्हणत्यात उष्णता हाय, सब्जा खा, काशाची वाटी फिरव. शेजारच्या भाऊंची नसांची गोळी दोन दिवस घेतली, झोप लागली पण सकाळी लई गरगरलं. मेडिकलवाला म्हणाला बी १२ कमी असंल, पण आमच्यात बुधवार-रविवार मटण असतंय, कमी कुठनं होईल. शुगर कंट्रोलमधे हाय, उपाशीपोटी ११८ आली. नवरात्रात दरवर्षी नऊ दिवस अनवाणी असतो, या वर्षी करू का नको? ता.क. परवा भजी तळताना तेल उडालेलं, पायावर फोड आलाय हे संध्याकाळी मोरीत पाय धुताना दिसलं. सांगून ठेवावं म्हटलं."

(बाहेरच्या वाचकांनी "झोपतो, घेतो" वाचून गोंधळू नये, आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी पण घरात असंच बोलते, लिहिताना जरा शहाणपणा करते एवढंच.)

ताई, अख्खं पत्र तुम्ही पाय जळतात म्हणून लिहिलंय आणि मी मात्र त्या ता.क.वरच अडकून बसले. भज्याचं तेल १६०-१७० डिग्रीचं तरी असतं, थेंब उडाला की माणूस झारा टाकून चार पावलं मागं पळतो, आणि तुम्हाला तो फोड संध्याकाळी डोळ्यांनी बघून कळला. म्हणजे जो पाय रात्री चादर लागली तरी बोंब मारतो त्याच पायाला दुपारी कडकडीत तेल पडलेलं समजलं नाही. ऐकायला उलटं वाटतं पण दोन्हीचं कारण बहुतेक एकच, पायाच्या नसा खराब व्हायला लागल्यात. खराब होणारी नस एका बाजूला खोटी आग सांगत राहते आणि खरी आग लागली तर गप्प बसते. जळण्यानं झोप जाते, पण पाय जातो तो या गप्प बसण्यामुळं, त्यामुळं आधी तो फोड. फोडू नका, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, स्वच्छ कोरडं गॉज बांधा आणि आज-उद्याकडं डॉक्टरला दाखवा, शुगरवाल्या माणसानं पायाच्या फोडाला "बघू चार दिवस" म्हणायचं नसतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते पण त्यांना सांगा.

आता जळण्याकडं येऊ.

कमरेपासनं पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस जवळजवळ एक मीटर लांब असते, शरीरातली सगळ्यात लांब वायरिंग. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही कुरतडल्या जातात, आणि वायर जितकी लांब तितकं टोक आधी खराब, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकाला, मग तळपाय, मग मोजा चढवल्यासारखं हळूहळू वर, दोन्ही पायांना साधारण सारखंच. यातल्या ज्या सगळ्यात बारीक नसा असतात त्यांचं काम म्हणजे वेदना आणि गरम-गार सांगणं. त्या बिघडल्या की कुणी हात न लावता स्वतःहूनच मेंदूला निरोप पाठवत बसतात, आणि त्यांना "आग, टोचतंय, चटका" याशिवाय दुसरी भाषाच येत नाही.

तुम्ही खानावळवाल्या, तुम्हाला मिरचीवरनं लगेच कळेल. लवंगी मिरचीचा ठेचा खाल्ला की तोंडाला आग लागते, पण थर्मामीटर लावला तर तोंड काही भाजलेलं नसतं. मिरचीत कॅप्सायसिन असतं, ते नसेवरच्या एका दारावर जाऊन बसतं, आणि ते दार एरवी ४३ डिग्रीच्या आसपास उघडतं, चटका कळावा म्हणून. मिरची ते दार थंडपणीच उघडते आणि मेंदू फसतो. हे दार शोधून काढलं म्हणून डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाला २०२१ चं नोबेल मिळालं, आणि त्यांनी ते शोधलं ते कॅप्सायसिन वापरूनच. (तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या आपल्या गावाला हे आधीच माहीत होतं, फक्त कुणी लिहून काढलं नाही.) तर तुमच्या तळपायात रात्री असंच होतंय, बिनमिरचीचा ठेचा.

रात्रीच का, दिवसा का नाही, हे सगळेच विचारतात आणि घरच्यांना तर ते नाटकच वाटतं, दिवसभर कामाला बरी होती आणि दिवा मालवला की सुरू झालं म्हणतात. एक तर दिवसभर मेंदूपुढं हजार कामं असतात, गिऱ्हाईक, उधारी, गॅस संपला, पोरी आल्या नाहीत, त्या गर्दीत पायाचा निरोप मागं पडतो, रात्री सगळं शांत झालं की तेवढाच आवाज उरतो. दुसरं म्हणजे झोपेच्या वेळी शरीर आतली उष्णता हातापायातनं बाहेर टाकतं, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाय खरोखरच थोडे गरम होतात, वरनं चादरीत गुंडाळलेले, आणि बिघडलेल्या नसेला तेवढं निमित्त पुरतं. चादरीचा स्पर्श पण नकोसा वाटणं हे पण यातलंच. नाटक नाही, मालकांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणि मालकांना कामाला पण लावा, कारण आज रात्री घरीच चार गोष्टी बघायच्यात. जळायला लागलं की त्यांनी तळपायाला हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून बघायचा, पाय खरोखर तापलेत, लालबुंद झालेत का नुसतं तुम्हाला तसं वाटतंय. बहुतेकांचे पाय हाताला नेहमीसारखेच लागतात, कधी गारच, तसं असेल तर नसेचंच. खरंच लाल आणि तापलेले असतील तर तो आजार वेगळा असू शकतो, मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात जाईपर्यंत पाय पांढरे होतात आणि कुणी विश्वास ठेवत नाही. मग डोळे मिटा आणि त्यांना तुमच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एकेकदा बोट हलकंसं टेकवायला सांगा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, ढकलायचं नाही, दोन्ही पाय मिळून सहा जागा. कळलं की "हां" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर पायाची संवेदना कमी झालीय असं धरतात. साधी वाटते पण ही चाचणी परदेशातल्या हॉस्पिटलात तपासून घेतलेली आहे, इप्सविच टच टेस्ट म्हणतात, एक रुपया लागत नाही. तिसरं, बोटांच्या बेचक्यात बघा, पांढरं, भिजल्यासारखं, सोललेलं असेल तर चिखल्या आहेत, खानावळीत पाय सतत ओले असतात त्यामुळं नक्कीच शक्यता आहे, त्यांचीही आग होते आणि तिचा उपाय फंगसची क्रीम आणि कोरडे पाय, नसांची गोळी नाही. चौथं जरा गंभीर. दुखताना पाय खाटेवरनं खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं का? आणि थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की सुटते असं होतं का? तसं असेल तर पायाचं रक्त कमी पडत असेल, मग पायाची नाडी तपासून घ्यायला लगेच जायचं. मिसरी लावत असाल तर ती पण लपवू नका, तंबाखू चघळा, ओढा नाहीतर दाताला लावा, रक्तवाहिन्यांचं नुकसान होतंच.

मग शुगर. उपाशीपोटी ११८ ला तुम्ही कंट्रोल म्हणताय, आणि मी २८ वर्षं दवाखाना चालवलाय त्यामुळं विचारते, टेस्टच्या आधी दोन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, असं केलं होतं ना? सगळेच करतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास आहे तो. म्हणून एचबीएवनसी करतात, त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी निघते, तिथं दोन दिवसांचं सोवळं चालत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ च्या वर मधुमेह, आणि मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांसाठी ७ च्या आसपास ठेवायचं ध्येय असतं. समजा तुमचं ८.४ आलं तर त्याचा अर्थ सरासरी साखर १९४ च्या आसपास फिरतेय, मग उपाशीपोटीचा ११८ चा कागद फ्रेम करून लावला तरी नसांना त्याचं काय. आणि साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला असेल तर तो पण बंद, कोल्हापूरचा गूळ जगात भारी असला तरी त्यात बहुतेक साखरच आहे, हे इथं लिहिल्याबद्दल मला बोलणी बसतील, बसू देत.

पण इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर उद्यापासनं तुम्ही फक्त काकडी खाऊन राहाल. बरीच वर्षं चढलेली साखर एकदम धाडकन खाली आणली, म्हणजे एचबीएवनसी तीन महिन्यांत दोन पॉइंटांपेक्षा जास्त पडलं, तर त्यानंच नसा भडकून जळणं वाढू शकतं. म्हणून हळूहळू, डॉक्टरांना विचारून. नऊ वर्षांचं नऊ दिवसांत होत नाही.

आता मटणाचं. मेडिकलवाल्याचं म्हणणं तुम्ही हसण्यावारी नेलं, पण या एका गोष्टीत त्याचा नेम बरोबर लागलाय असं मला वाटतं. बी १२ मटणात असतं, खरं आहे, पण ते मटणातल्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, पोटातलं ॲसिड ते सोडवतं, आणि मग लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला ते आत घेतलं जातं. तुम्ही चार वर्षं रोज ॲसिड कमी करायची गोळी घेताय, म्हणजे सोडवणारा कमी. आणि नऊ वर्षं मेटफॉर्मिन, ती त्या शेवटच्या टोकाला बी १२ आत जाण्यात आडवी येते. ताटात मटण आहे, रक्तात पोचत नाही. लिव्हरमधे साठा असतो म्हणून पहिली काही वर्षं काहीच कळत नाही आणि मग साठा संपला की पाय जळायला लागतात, मुंग्या, बधिरपणा, जीभ लाल गुळगुळीत, दम, विसराळूपणा. मेटफॉर्मिन वाईट आहे असं नाही हां, चांगली गोळी आहे, स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त ती बरीच वर्षं चालू असेल तर मधून मधून बी १२ बघायचं असतं आणि हे बघायचं राहून जातं.

माझ्याकडनं पण राहिलंय. दवाखाना नवीन असताना एक बाई यायच्या, अशाच, रात्री पाय जळतात म्हणून. मी पण ताक प्या, मेंदी लावा करून दोनदा परत पाठवलं, तेव्हा वाटायचं बाई जरा जास्तच बोलतात. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, बेसिनला तोंड धुताना डोळे मिटले की पुढं पडल्यासारखं होतंय, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण डोळे मिटल्यावर तोल जाणं म्हणजे पाय कुठं आहेत ते मेंदूला कळेनासं झालंय. बी १२ काढलं तर १०० च्या पण खाली. इंजेक्शनं दिली, तोल सावरला, जळणं गेलं, पण बोटांचा बधिरपणा शेवटपर्यंत थोडा राहिला, कारण आठ-नऊ महिने मी ताकात घालवले होते. तुम्हाला मी ताक सांगणार नाही.

बी १२ ची टेस्ट करताना एकच पथ्य, आधी बी कॉम्प्लेक्सच्या लाल गोळ्या सुरू करू नका, त्या खाऊन टेस्ट केली की आकडा छान येतो आणि आजार तसाच राहतो. २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० मधे असेल आणि त्रास असेल तर "नॉर्मल आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टर पुढची टेस्ट सांगतील नाहीतर सरळ उपचार सुरू करतील. कमी आलं तर आधी इंजेक्शनं आणि मग गोळ्या असं साधारण करतात. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन बसू नका, त्यानं रक्त सुधारतं आणि नसा मागच्या मागं बिघडत राहतात. आणि "नसांचं टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांमधे बी ६ बरंच असतं, ते महिनोन्‌महिने जास्त डोसमधे घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात, पाय बधिर, जळजळ, म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं तेच. पाकिटाच्या मागचं वाचा, वाचता येत नसेल तर पाकीटच डॉक्टरपुढं ठेवा.

बाकी थायरॉइड आणि किडनी एकदा बघून घ्यायची, टीएसएच आणि क्रिएटिनिन. घरात दुसऱ्या कुणाचे पाय जळत असतील तर दारू, टीबीची आयसोनियाझिड गोळी, कॅन्सरची केमो ही पण कारणं असतात, आणि अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोग, तो अजून गेलेला नाही आणि गोळ्यांनी बरा होतो. तुम्हाला सांगायला एक जुनी गोष्ट मजेशीर आहे, १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी दक्षिण भारतातल्या गरीब, भातावरच जगणाऱ्या लोकांच्या जळणाऱ्या पायांवर लिहिलं होतं, पॅन्टोथेनिक ॲसिड नावाच्या जीवनसत्त्वानं त्यांना बरं वाटलं, आणि त्याच्याही सुमारे एकशेवीस वर्षं आधी ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेलेल्या शिपायांचे पाय असेच जळत होते असं ग्रिअरसन नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय. आपल्या सुश्रुतसंहितेत तर वातव्याधींमधे पाददाह वेगळा आणि मुंग्या येणारा पादहर्ष वेगळा. म्हणजे "उष्णता" म्हणणारे मालक एकटे नाहीत, लोक हजारो वर्षं जळणारे पाय घेऊन वैद्याकडं जातायत, फक्त आता रक्त तपासता येतं तर तपासावं.

घरच्या उपायांचं म्हणाल तर माझा काशाच्या वाटीला विरोध नाही. तूप लावून हलक्या हातानं दहा मिनिटं फिरवा, छान वाटतं, चोळलेला स्पर्श वेदनेच्या निरोपाला थोडा वेळ मागं ढकलतो आणि कुणीतरी आपले पाय धरून बसलंय याचं पण एक बरं वाटणं असतंच. तूप काळं होतं ते मात्र उष्णता बाहेर पडली म्हणून नाही, काशात तांबं असतं, त्याची तुपाशी आणि घामाशी रिॲक्शन होऊन काळपट होतं, निरोगी माणसाच्या पायावर पण होतं. जोरात घासू नका, बोटांच्या बेचक्यात तूप ठेवू नका, फोडावर अजिबात नको. सब्जा, कोकम प्या, नुकसान काही नाही, साखर न घालता. मेंदी लावायची तर साधी पाल्याची, लगेच काळी रंगणारी केमिकलवाली नको.

बर्फाची बाटली मात्र बंद. ज्या पायाला तेल कळलं नाही त्याला बर्फ पण कळणार नाही, रात्रभर बाटली पायाखाली राहिली तर कातडी गोठून जखम होते आणि सकाळी तुम्ही म्हणाल हे काय नवीन. त्याऐवजी माठातल्या पाण्याएवढ्या गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, काढा, बेचक्यासकट पुसून कोरडे करा आणि पंख्याचा वारा पायावर येईल असं झोपा. चादर टोचते तर पायाच्या बाजूला पाट नाहीतर पुठ्ठ्याचा खोका उभा करून चादर त्याच्यावरनं घ्या, तंबूसारखी, हसतील घरचे पण झोप लागते. उलट बाजूनं, थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी, गरम मिठाचं पाणी, शेगडी, यातलं काही नाही. पाणी घ्यायचंच असेल तर आधी कोपरानं बघायचं, पायानं नाही.

शेजारच्या भाऊंची गोळी बहुतेक प्रेगॅबॅलिन असणार. गोळी वाईट नाही, या आजारालाच देतात, पण डोस किडनी बघून ठरतो, छोट्या डोसनं रात्री सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि तुम्ही थेट भाऊंचा डोस उचललात म्हणून गरगरलं. पडला असता तर? पायावर सूज, वजन वाढणं हे पण होतं, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद करायची नसते. तिच्याशिवाय गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन, कमी डोसमधे अमिट्रिप्टिलिन असे पर्याय आहेत, कुणाला कोणती हे बाकीचे आजार बघून ठरतं, म्हणजे काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा पुरुषांमधे प्रोस्टेट असेल तर अमिट्रिप्टिलिन जपून. दोन-चार आठवडे द्यावे लागतात आणि जळणं निम्म्यावर आलं तरी गोळी लागू पडली असं समजतात, पूर्ण शून्याची वाट बघत दर आठवड्याला डॉक्टर बदलू नका. या गोळ्या आग कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत, ते काम शुगरचं आणि बी १२ चं. हो, आणि कॅप्सायसिनची क्रीम पण मिळते, तीच मिरची, रोज तीन-चार वेळा लावत राहिलं की नस दमून गप्प होते, सुरुवातीला आग वाढते आणि लावल्यावर हात साबणानं धुवावे लागतात. पण तुमच्या पायावर फोड आहे आणि संवेदना कमी आहे, त्यामुळं तुम्हाला आत्ता नाही. ठेचा तर कुणालाच नाही, हसू नका, लावणारे लावतात.

चप्पल. मला माहीत आहे तुमच्या दारात कोल्हापुरीच असणार, माझ्या पण आहे. नवी कोल्हापुरी चावते हे सगळ्यांना माहीत, चावल्यावर आपण कुरकुरतो, पट्टी लावतो, तेल लावून मऊ करतो. पण ज्या पायाला चावलेलं कळत नाही त्याचं काय करायचं? तो चालतच राहतो, जखम हाडापर्यंत जाते आणि मोज्याला पू लागला की कळतं. म्हणून लग्नाकार्यापुरती तासभर ठीक, खानावळीत नाही. तिथं पुढनं झाकलेली, मागनं पट्टा असलेली, आतनं मऊ एमसीआर रबराची चप्पल घ्या, मधुमेहवाल्यांची म्हणून मागितली की मिळते, संध्याकाळी घ्यायला जा कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर येतं. घालायच्या आधी रोज हात घालून खडा-बिडा आहे का बघायचं. चालताना चप्पल पायातनं निघून मागं राहिली आणि तुम्हाला पत्ताच नाही असं कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, मधुमेहात त्याला फार अर्थ आहे. आणि रोज रात्री दुकान बंद करून गल्ला मोजता तसा पाय मोजायचा, म्हणजे तळवा, टाच, बेचकं, नखं, उजेडात, खाली आरसा धरून, नाहीतर मालक आहेतच.

आता नवरात्र. करू का नको विचारलंय आणि मला वाटतं उत्तर तुम्हाला पण माहीत आहे म्हणूनच विचारलंय. अनवाणी नको. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर तापतं, फरसबंदी तापते, काच असते, आणि तुमच्या पायाला यातलं काही कळायची खात्री नाही. नऊ दिवस रोज दर्शनाला जा, पहाटे जा, दगड गार असतो तेव्हा, चप्पल देवळाच्या दारापर्यंत घाला, आत जाऊन या, घरी येऊन तळवे बघा. अंबाबाईला तुमचे पाय शाबूत हवे असणार, उपवासाचं पण डॉक्टरांशी बोलून ठरवा कारण शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाऊ शकते.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. एकाच पायाला एकदम सुरू झालं, पाऊल उचलेना, अशक्तपणा भराभर वर चढतोय, बोट निळं-काळं पडलं, जखमेला वास किंवा ताप, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

नाहीतर या आठवड्यात एचबीएवनसी, बी १२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच, क्रिएटिनिन एवढं रक्त एकदाच द्या, बाहेर महाग वाटलं तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा, आणि डॉक्टरांना म्हणावं पायावर मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का बघायचा नायलॉनचा धागा) आणि ट्यूनिंग फोर्क (कंप कळतो का बघायचा चिमटा) लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. नसांची मोठी मशीनवरची टेस्ट आत्ताच लागेल असं नाही, आणि बारीक नसांचा बिघाड तिच्यात दिसत पण नाही, त्यामुळं ती नॉर्मल आली आणि कुणी "मनाचे खेळ" म्हणालं तर मनावर घेऊ नका.

रिपोर्ट आले की लिहा. फोडाचं काय झालं ते आधी लिहा, मग एचबीएवनसीचा आकडा, आणि उपाशीपोटीचा आकडा नाही कळवला तरी चालेल.